इतर, निवासी

अलकापुरीतल्या त्या दुकानात मी गुरुवारी जाते,
एक कॉफी सांगते, सगळ्यात लहान,
आणि खिडकीशी बसून माझी मालमत्ता बघते.

चाळीस शेअर. यांनी घेतले होते,
रावपुऱ्यातल्या हसितभाईंच्या सांगण्यावरून.
गोड कधी बुडत नाही, असं हसितभाईंचं म्हणणं.
हे गेले. गोड निम्म्यावर आलं.
नावावर करून घ्यायला सात महिने, तीन शपथपत्रं,
आणि हसितभाईंचं फोनवर अजून तेच:
मासी, मूकी राखो.

मी हिशेबातली बाई.
अठ्ठावीस वर्षं खतांच्या कंपनीत व्हाउचरं टाचली,
म्हणून वार्षिक अहवाल शेवटच्या पानापासून वाचते.
तेरा कोटी वीस लाख शेअर, त्यात माझे चाळीस.
दुकानं तीनशे तीस.
दुधाच्या वहीत मागच्या पानावर भागाकार केला:
नऊशे चौरस फुटांच्या या दुकानात
माझी जागा साडेतीन इंच बाय साडेतीन इंच,
वर थोडी.
दोनदा ताडून पाहिलं.
बरोब्बर एक डोनट मावेल.

बाकीचं कुणाचं?
तीन भाऊ आणि एक मेव्हणा, एकेचाळीस टक्के,
त्यातले निम्मे बँकेकडे गहाण.
मग म्युच्युअल फंड, म्हणजे पुन्हा
कुणाकुणाचे महिन्याचे पाचशे रुपये,
बहुधा आमच्या सोसायटीतल्या घाटगे वहिनींचेसुद्धा,
ज्या मधुमेहामुळे या दारावरून तोंड फिरवून जातात.
मग कुठल्याशा थंड देशातल्या शिक्षकांचा पेन्शन फंड.
तिथे भूगोलाची एखादी बाई निवृत्त होऊन
दारातला बर्फ लोटत असेल.
तिला काय ठाऊक, बडोद्यात आपलं काय काय आहे.
आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात:
इतर, निवासी.
ती मी.

लाभांश अठ्ठेचाळीस रुपये.
डोनट पंच्याण्णव, वर कर.
दोन वर्षांचा जोडला की एक येतो.
कर पदरचा.

गेल्या गुरुवारी एक गृहस्थ आले, खोका आपटला.
सहा सांगितले होते, घरी पाच निघाले,
मुलीचा वाढदिवस, पाहुणे बसलेत.
मालिक कोण छे? मालिकने बोलावो!
काउंटरवर विपुल राठवा, कवांटकडचा,
घरच्यांना सांगताना डोनटला ‘काणावाळो वडो’ म्हणणारा.
तो खरं तेच बोलला:
मालिक तो, साहेब, अमे जोया नथी.

माझा हात टेबलावरून उठला. थोडासा.
शाळेत उत्तर अर्धंच येत असलं की उठायचा, तसा.
काय सांगणार होते?
मी आहे, पण अगदी दहा हजारांत एक?
हात तसाच केसांकडे नेला.

विपुलने सहावा दिला,
आणि रजिस्टरात स्वतःच्या नावापुढे आकडा मांडला.
मला उलटं वाचता येतं,
साहेबांच्या टेबलापलीकडे उभं राहून शिकलेय.
पंच्याण्णव, वर कर.

त्याच रात्री मोबाइलवर मतदान होतं:
थोरल्या भावाच्या पगारवाढीचा ठराव.
चष्मा पुसून ‘विरोधात’वर बोट टेकलं,
नीट लागलं ना म्हणून पुन्हा एकदा पाहिलं.
सोमवारी निकाल आला. मंजूर.
बाजूने नव्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव.

आज दुकानात गर्दी नाही.
बाहेर रेसकोर्स रोडवर कुणी हॉर्नवर हात ठेवून बसलंय.
विपुल फरशी पुसत पुसत माझ्या टेबलाशी आला.
बेन, जरा पग ऊंचा करो ने.
मी पाय वर घेतले.
फिनेलचा वास, ओला पोछा
माझ्या साडेतीन इंचांवरून एकदाच फिरला
आणि पुढे गेला,
कोपऱ्यातल्या भूगोलाच्या बाईंच्या जागेकडे.